तीन वर्षांची अट आणि 53 जागा

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड झालेला असतो. त्या घटकेपर्यंत अमेरिकन फुटबॉलच्या 32 व्यावसायिक संघांना 90 जणांची यादी 53 वर आणावी लागते. म्हणजे एका दमात साधारण बाराशे मुलं बाहेर. सकाळी सरावाला निघालेल्या मुलाला क्लबचा माणूस गाठतो आणि सांगतो, "कोचनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये." प्लेबुक म्हणजे संघाच्या डावपेचांची वही. हल्ली ती टॅबलेटवर असते, पण वाक्य तेच राहिलंय. यातले बरेच जण चार महिन्यांपूर्वीपर्यंत आपापल्या कॉलेजचे हिरो होते.

कॉलेज आणि व्यावसायिक संघ यांच्यामधली भिंत 1925 साली उभी राहायला लागली. इलिनॉयचा एक गाजलेला खेळाडू 21 नोव्हेंबरला कॉलेजचा शेवटचा सामना खेळला आणि पाचव्या दिवशी शिकागोत पैसे घेऊन मैदानात उतरला. कॉलेजं खवळली. त्यांची मर्जी राखायला व्यावसायिक संघांच्या तेव्हा नवख्या असलेल्या लीगने पुढच्याच वर्षी नियम केला: ज्याच्या वर्गाची पदवी झालेली नाही, त्याला घ्यायचं नाही. 1936 मध्ये पहिला ड्राफ्ट झाला, म्हणजे संघांनी आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडायचा कार्यक्रम: 9 संघ आणि 9 फेऱ्या. सगळ्यात आधी ज्याचं नाव पुकारलं गेलं तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही, कारण त्यात पुरेसा पैसा नव्हता. मधल्या दशकांत पैसा आला, टीव्ही आला, पण नियम हलला नाही. कॉलेज म्हणजे लीगला फुकटात मिळालेली रोपवाटिका होती. ती कोण मोडेल?

1983 मध्ये एका प्रतिस्पर्धी लीगने जॉर्जियाच्या कॉलेजचा स्टार तीन वर्षांतच उचलला. पुढच्या वर्षी त्या लीगचा असाच प्रवेशनियम कोर्टात बेकायदा ठरला. मोठ्या लीगने 1990 पासून अट सैल केली: शाळा सुटल्यावर तीन मोसम लोटले की ड्राफ्टला या. हीच अट आजही चालू आहे, आणि खरा वाद झाला तो तिच्यावरच.

ओहायोचा एक रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, पहिल्याच वर्षी, 2002 च्या मोसमात, राष्ट्रीय विजेतेपदाच्या संघात चमकला. पुढच्या वर्षी कॉलेजने त्याला निलंबित केलं. कॉलेजात खेळता येईना आणि व्यावसायिक संघाला घेता येईना, म्हणून तो कोर्टात गेला. 5 फेब्रुवारी 2004 रोजी न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला: ही अट म्हणजे स्पर्धेला मज्जाव. अपील न्यायालयाने ड्राफ्टच्या तोंडावर त्या निकालाला स्थगिती दिली आणि 24 मे रोजी तो उलटवला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोणाला घ्यायचं हा लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्यातल्या वाटाघाटींचा विषय आहे, तिथे मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही, आणि युनियनला आपल्या आजच्या सभासदांचं हित आधी पाहण्याचा हक्क आहे.

कायद्याच्या दृष्टीने ही मांडणी भक्कम आहे, तरी मला ती आजही पटत नाही. ज्या मुलाला युनियनमध्ये शिरकावच नाही, त्याच्या वतीने युनियनने केलेली तडजोड त्याच्यावर कशी बांधायची? शरीर पक्कं होऊ द्यावं हा लीगचा युक्तिवाद खोटा नव्हता, या खेळात हाडं मोडतात. पण कॉलेजातही हाडं मोडतातच, आणि तेव्हा ती स्कॉलरशिपवर, पगाराविना मोडत होती.

त्या निकालात आणखी एक जण भरडला गेला, याची आठवण फार कमी लोक काढतात. दक्षिण कॅलिफोर्नियाचा एक रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, पहिल्या निकालावर विश्वासून ड्राफ्टला उभा राहिला आणि त्याने एजंट नेमला. निकाल फिरल्यावर त्याला कॉलेजात परतायचं होतं, तर तिथला दरवाजाही बंद झाला. अख्खा मोसम वाया गेला. ओहायोच्या मुलाला 2005 मध्ये तिसऱ्या फेरीत डेन्व्हरने घेतलं आणि त्याच ऑगस्टमध्ये सोडूनही दिलं. लीगचा एकही नियमित सामना तो खेळला नाही.

गेल्या पाचसहा वर्षांत चित्र भराभर पालटलं. जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. 2025 च्या कोर्टातल्या समझोत्यानंतर कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात, एका कॉलेजला पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे घाईने ड्राफ्टला येणारे कमी झाले, आणि येणारी बरीच मुलं चोवीस-पंचवीस वर्षांची, मुरलेली असतात. दुसरीकडे प्रॅक्टिस स्क्वॉड, म्हणजे 53 च्या बाहेरचा, संघासोबत सराव करणारा राखीव गट, मोजक्या जणांपासून सुरू झाला, तो आता 16 वर पोचलाय. ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्याला किंवा अगदी शेवटी आलेल्याला टिकून राहायची खरी जागा हीच. मात्र 2022 मध्ये सर्वांत शेवटी, 262 वा निवडलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली चालवणारा खेळाडू, पहिल्याच वर्षी थेट 53 मध्ये टिकला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सुरुवातीपासून खेळला.

मंगळवारी वगळलेला नवखा मुलगा लगेच मोकळा होत नाही. तो वेव्हरवर जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कोणताही दुसरा संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतो. बारा वाजून गेले की प्रॅक्टिस स्क्वॉडचे फोन सुरू होतात, आणि पुष्कळदा पहिला फोन त्याला काल काढणाऱ्या संघाचाच असतो.