मुलांनी लिहिलेलं की मुलांसाठी छापलेलं? महायुद्धकाळातली दोन ‘शालेय मासिकं’

पहिल्या महायुद्धाच्या वेळी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मुलांना युद्धाबद्दल काय वाटत होतं, हे सांगताना ‘शालेय मासिकात असं छापून आलं होतं’ असा दाखला दिला जातो. तिथे मी आधी विचारते : कुठल्या शालेय मासिकात? या एका नावाखाली दोन निराळी प्रकाशनं येतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की शिक्षण खात्याचं म्हणणं मुलांच्या तोंडी घातलं जातं.

पहिलं प्रकाशन शिक्षण खात्याचं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा ‘स्कूल पेपर’ १८९६ पासून निघत होता. न्यूझीलंडचं ‘स्कूल जर्नल’ १९०७ मध्ये सुरू झालं, तर न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या राज्याचं ‘स्कूल मॅगझिन’ ऐन युद्धात, १९१६ मध्ये. नावात ‘मॅगझिन’ असलं तरी सरकारी शाळांतल्या लहान मुलांसाठी हे खरं तर दर महिन्याला हाती येणारं वाचनपुस्तकच. इयत्तांनुसार वेगळे भाग, वर्गात मोठ्याने वाचायचे पाठ, कविता, गोष्टी. मजकूर निवडणारे मोठे लोक. व्हिक्टोरियात तर सुरुवातीपासून १९२५ पर्यंत चार्ल्स लाँग हे एकच संपादक होते. एका राज्यातल्या दोन पिढ्यांनी काय वाचावं, हे इतकं एका माणसाच्या हाती होतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्यामुळे युद्ध या मुलांपर्यंत पाठ म्हणून पोचलं. २५ एप्रिल १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं सैन्य उतरलं आणि त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या शिक्षण खात्याने युद्धवार्ताहरांच्या बातमीपत्रांची पुस्तिका शाळांसाठी छापली. यातून मुलांच्या मनात काय होतं ते कळत नाही. त्यांच्या मनात काय असावं असं खात्याला वाटत होतं, ते मात्र लख्ख कळतं.

दुसरं प्रकाशन एकेका शाळेचं, बहुतेक वेळा फी घेणाऱ्या माध्यमिक शाळेचं. मेलबर्न ग्रामर या शाळेचं ‘मेलबर्नियन’ किंवा स्कॉच कॉलेज या (नावात कॉलेज असलेल्या) शाळेचं ‘स्कॉच कॉलेजियन’ ही त्यातली उदाहरणं. इथे क्रिकेटच्या धावा, वादसभा, बक्षिसं, विद्यार्थ्यांच्या कविता. युद्ध सुरू झाल्यावर त्यात आघाडीवरच्या माजी विद्यार्थ्यांची पत्रं आणि मृतांच्या याद्या येऊ लागल्या. हा आवाज जास्त जवळचा, पण तोही मोकळा नव्हे : पत्र लष्करी सेन्सॉरच्या हाताखालून यायचं, मग शाळा त्यातलं निवडायची. शिवाय लिहिणारे बहुधा मोठे मुलगे किंवा माजी विद्यार्थी. त्या काळी बहुतेक मुलांचं शिक्षण चौदाव्या वर्षाच्या आसपास संपायचं, म्हणजे हा एका छोट्या, सुखवस्तू वर्गाचा आवाज.

अंक हातात आला तर पहिल्या पानावर प्रकाशक कोण ते बघा : खातं की शाळा. तेही फाटलेलं असेल तर नावं शोधा. खात्याच्या पाठात सैनिक म्हणजे बहुधा ‘आपले जवान’, सगळे मिळून एक. शाळेच्या अंकात तोच सैनिक नावानिशी येतो, शाळेत कुठल्या वर्षी होता, कुठल्या संघातून खेळला यासकट, आणि जुने अंक चाळले तर त्याच्या धावाही सापडतात.