नवा स्वस्त पातळ लॅपटॉप की वापरलेला बिझनेस लॅपटॉप: संशोधनासाठी कोणता घ्यावा?

हलका हवा आणि स्वस्त हवा, एवढ्या दोनच अटी घेऊन शोधायला बसले की दोन प्रकारचे लॅपटॉप समोर येतात आणि फोटोत ते सारखेच दिसतात. एक कोरा, कंपनीच्या सर्वांत खालच्या श्रेणीतला. दुसरा काही वर्षे एखाद्या कार्यालयात वापरलेला, तपासून-पुसून पुन्हा विकायला आलेला: लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक. पडदा दोन्हींचा बारा ते चौदा इंची, वजन साधारण सव्वा ते दीड किलो, किंमतही पुष्कळदा आसपासचीच. पण आतून ही दोन वेगळी यंत्रे आहेत, आणि हा फरक प्रबंधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भोवतो.

बहुतेक जण आधी प्रोसेसर पाहतात. माझ्या मते खरा फरक तिथे नाही. इंटेलचा एन१०० हा 2023 पासून स्वस्त लॅपटॉपमध्ये दिसणारा चार कोरचा, 6 वॅटचा प्रोसेसर. 2017 मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्येही चार कोर आहेत, पण तो 15 वॅटचा. लिहिणे, वाचणे, ब्राउझर, साधे सांख्यिकी विश्लेषण एवढ्या कामात दोघे एकमेकांच्या जवळपास राहतात. नाव मोठे म्हणून जुना आय५ पुढे, असे नाही. मात्र ‘स्वस्त नवा’ या पाटीखाली सेलेरॉन एन४०२० सारखे दोन कोरचे प्रोसेसरही विकले जातात. ते संशोधनासाठी घेऊच नयेत.

रॅम आणि साठवण मात्र नीट समजून घ्यायला हवी. स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा 4 किंवा 8 जीबी असते आणि पुष्कळदा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे काढून बदलता न येणारी, असते. साठवण 64 किंवा 128 जीबीची ईएमएमसी (स्वस्त, संथ साठवणीची चिप), तीही सोल्डर केलेली. जाहिरातीत ‘128 जीबी’ वाचून ती एसएसडीच, म्हणजे वेगवान साठवण, असेल असे वाटते. तसे नसते. ईएमएमसीचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला 400 एमबी, एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीचा 3,000 च्याही वर जाऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम करत नाही, आणि असंख्य लहान फायलींपुढे ती लवकर दमते.

संशोधनाचे काम नेमके लहान फायलींचेच. झोटेरो (संदर्भ आणि लेख सांभाळणारा प्रोग्रॅम) प्रत्येक पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्यातला मजकूर शोधता यावा म्हणून त्याची सूची बनवतो आणि सगळी नोंद एका डेटाबेसमध्ये करत राहतो. शंभर लेखांपर्यंत काही जाणवत नाही. हजार-दोन हजार लेख जमले, शेजारी ब्राउझरच्या वीस टॅब आणि मोठा वर्ड दस्तऐवज उघडा असला, की 4 जीबी रॅम संपते. रॅम संपली की यंत्रणा उरलेला भार साठवणीवर टाकते, आणि साठवण ईएमएमसी असेल तर टाइप केलेले अक्षर उमटायलाही वाट पाहावी लागते. आर (सांख्यिकी विश्लेषणाची संगणकभाषा) वापरणाऱ्यांना तर हे लवकरच कळते, कारण आर आपला सगळा डेटा रॅममध्येच धरून ठेवतो आणि बदल करताना अनेकदा त्याची आणखी एक प्रत बनवतो.

अशा वेळी वापरलेल्या बिझनेस लॅपटॉपचा मालक मागचे झाकण उघडतो, रॅमची पट्टी बदलतो आणि काम पुढे नेतो. नव्या स्वस्त यंत्राच्या मालकाकडे पुष्कळदा हा मार्गच नसतो. माझे मत याच एका गोष्टीवरून बनले आहे. संशोधन किती वाढेल हे पहिल्या वर्षी कुणालाच माहीत नसते, म्हणून वाढू शकणारे यंत्र घ्यावे.

पण बिझनेस लॅपटॉप म्हटला की रॅम बदलता येतेच, असे समजू नका. थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमच्या दोन जागा आहेत. टी४८०एस मध्ये काही रॅम सोल्डर केलेली असून जागा एकच. आणि हातात घेतल्यावर सर्वांत मोहात पाडणारा छोटा एक्स२८० घ्याल, तर त्याची सगळी रॅम सोल्डर केलेली आहे, त्यामुळे तो 16 जीबीचाच शोधावा लागतो. लेनोवो, डेल आणि एचपी या मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवतात. पैसे देण्याआधी त्यातले रॅमचे पान उघडून पाहा.

जुना लॅपटॉप घेताना विंडोजही पाहा. विंडोज 10 चा नियमित आधार (सुरक्षा-अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. सातव्या पिढीचा थिंकपॅड एक्स२७० कितीही स्वस्त मिळाला तरी तो लिनक्स वापरणाऱ्यानेच घ्यावा. नव्या लॅपटॉपची अडचण वेगळी: तो काही वेळा विंडोजच्या ‘एस मोड’मध्ये येतो आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे काहीच बसू देत नाही. हा मोड मोफत बंद करता येतो, मात्र एकदा बंद केला की परत लावता येत नाही.

पडद्याबाबत दोघांवरही सारखाच संशय घ्या. 1366×768 चा पडदा दोन्ही प्रकारांत सापडतो. त्यावर लेख आणि टिपणे शेजारी-शेजारी उघडून वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. 1920×1080 आणि आयपीएस (बाजूने पाहिले तरी नीट दिसणारा पडदा), याहून खाली उतरू नये. कीबोर्डमध्ये मात्र बिझनेस लॅपटॉप बहुधा सरस ठरतो, आणि दोनशे-तीनशे पाने टाइप करायची असतील तर ही गोष्ट लहान नाही.

जुन्या यंत्राची खरी दुखणी दोन. पहिले बॅटरीचे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता दोन्ही लिहिलेल्या असतात. आजचा आकडा मूळच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा. टी४८० ची मागची बॅटरी तर झाकण न उघडता बाहेरूनच बदलता येते. दुसरे दुखणे कुलपाचे. आधीच्या कंपनीने बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीला) पासवर्ड लावलेला असेल किंवा यंत्र तिच्या दूरस्थ व्यवस्थापनात नोंदलेले असेल, तर विंडोज पुन्हा बसवूनही सुटका होत नाही. थिंकपॅडच्या बायोसचा मुख्य, म्हणजे सुपरवायझर, पासवर्ड हरवला असेल तर मदरबोर्ड बदलणे हाच लेनोवोचा अधिकृत उपाय आहे. म्हणून बायोस उघडून पाहिल्याशिवाय आणि विंडोज पहिल्यापासून सुरू करून पाहिल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नका.

नवा स्वस्त लॅपटॉप काही जणांसाठी योग्यच असतो. तुमचे विश्लेषण विद्यापीठाच्या सर्व्हरवर किंवा गुगल कोलॅबवर (गुगलच्या संगणकांवर ब्राउझरमधून कोड चालवण्याची सेवा) चालत असेल, हातातले यंत्र फक्त खिडकीचे काम करत असेल, तर 8 जीबी रॅमचा आणि खऱ्या एसएसडीचा एन१०० लॅपटॉप पुरतो. कमी विजेवर चालतो, वॉरंटी असते, आणि पंखा नसलेले मॉडेल मिळाले तर अभिलेखागाराच्या शांत वाचनकक्षात कागदपत्रे उतरवून घेताना शेजाऱ्याला त्रास होत नाही. जुनी यंत्रे उघडायची ज्यांना भीती वाटते आणि मदतीला कुणी नाही, त्यांनीही हाच घ्यावा. 4 जीबी रॅम आणि ईएमएमसीचा मात्र या सगळ्यांनीही नाकारावा, मग तो कितीही सवलतीत मिळो.