गेलची गॅसवाहिनी शेतातून जाणार असेल तर : हरकत, नुकसानभरपाई आणि लागणारी कागदपत्रे

गेल (इंडिया) लिमिटेड ही केंद्र सरकारची नैसर्गिक वायू कंपनी १९८४ मध्ये स्थापन झाली. हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीपासून सुरू झालेले तिचे जाळे आज महाराष्ट्रातही पसरले आहे. दाभोळ–बंगळूर वाहिनी आणि मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनी यांच्यासाठी येथील अनेक खातेदारांच्या गटांतून जमिनीची अरुंद पट्टी (पट्टा) वापरासाठी घेतली गेली. हे काम 'पेट्रोलियम व खनिज वाहिन्या (जमिनीतील वापराच्या हक्काचे संपादन) अधिनियम, १९६२' नुसार चालते. या कायद्याने जमिनीची मालकी जात नाही, सातबाऱ्यावरील नावही बदलत नाही. केवळ जमिनीखालून वाहिनी टाकण्याचा व तिची देखभाल करण्याचा हक्क घेतला जातो. भूसंपादनाचे दर येथे का लागू होत नाहीत, याचे उत्तर या एका फरकात आहे.

प्रक्रियेची सुरुवात कलम ३(१) खालील अधिसूचनेने होते. तीत गाव, गट क्रमांक आणि बाधित क्षेत्र दिलेले असते. ही अधिसूचना केंद्राच्या राजपत्रात प्रसिद्ध होते आणि तिचा गोषवारा सक्षम प्राधिकारी (या कायद्याखालील कामासाठी केंद्राने नेमलेले अधिकारी) स्थानिक पातळीवर जाहीर करतात. हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. कायद्यात ही मुदत अधिसूचनेच्या तारखेपासून सांगितलेली असल्याने गावात नोटीस लागण्याची वाट न पाहता राजपत्राच्या तारखेपासूनच दिवस मोजणे सुरक्षित ठरते.

हरकत लेखी आणि कारणांसह सक्षम प्राधिकाऱ्यांकडे द्यावी, तिची पोच घ्यावी आणि सुनावणीला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावे. नुसता 'आमचा विरोध आहे' असा अर्ज फारसा टिकत नाही. कलम ७ मधील आधार मात्र भक्कम आहेत. अधिसूचनेपूर्वी निवासासाठी वापरात असलेली जमीन, राहत्या घराला लागून असलेले आवार आणि कायमस्वरूपी बांधकाम उभे असलेली जमीन यांच्याखालून वाहिनी टाकता येत नाही, तसेच ती पृष्ठभागापासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवर ठेवता येत नाही. असे बांधकाम असेल तर घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना ८ उतारा, वीजबिल आणि तारीख दिसणारी छायाचित्रे हरकतीसोबत जोडावीत. हरकतीवर सक्षम प्राधिकाऱ्यांनी दिलेला आदेश अंतिम असतो, म्हणून पुरावे नंतर देण्यासाठी राखून ठेवू नयेत. त्यानंतर वापराचा हक्क घेत असल्याची कलम ६ खालील घोषणा होते. अधिसूचनेपासून एका वर्षात ती झाली नाही तर अधिसूचना निष्प्रभ ठरते.

नुकसानभरपाईचे दोन भाग आहेत. पहिला भाग जमिनीच्या वापराच्या हक्काचा असून तो कलम ३(१) च्या अधिसूचनेच्या तारखेस असलेल्या बाजारभावाच्या १० टक्के एवढा असतो आणि केवळ पट्ट्यातील क्षेत्रावर मोजला जातो. त्या पट्ट्यात यापुढे घर किंवा अन्य बांधकाम, विहीर, तलाव, बंधारा आणि झाड यांना कायमची मनाई असते, हे लक्षात घेता ही रक्कम शेतकऱ्यांना अपुरी वाटते आणि फळबाग करू इच्छिणाऱ्याची ही तक्रार रास्त आहे. पूर्वी चालत असलेली सोयाबीन, कापूस किंवा उसासारखी शेती मात्र वाहिनीला इजा न करता करता येते.

दुसरा भाग प्रत्यक्ष हानीचा आहे : उभे पीक, तोडलेली झाडे, जमिनीचे तात्पुरते तुकडे पडणे आणि ठिबकाच्या नळ्या, पाइपलाइन, बांध अशा इतर मालमत्तेची नासधूस. ही रक्कम पंचनाम्यावर उभी राहते. म्हणून यंत्रे शेतात येण्यापूर्वी पंचनामा व्हावा, त्यात पिकाचे नाव, क्षेत्र, झाडांची जात, वय व संख्या स्पष्ट लिहिलेली असावी आणि कोऱ्या किंवा अर्धवट नमुन्यावर कोणीही सही करू नये. पंचनाम्याची प्रत जागेवरच मागावी. काम संपल्यावर सुपीक माती खाली गेली असेल किंवा बांध पूर्ववत झाला नसेल, तर तेही लेखी कळवावे.

दावा केवळ मालकालाच करता येतो असे नाही. जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणाचेही नुकसान झाले, तर त्याला तो करता येतो. कुळाच्या पिकाची भरपाई कुळाने मागावी. सामान्यतः चालू सातबारा, आठ-अ, संबंधित फेरफार, गट नकाशा, आधार, पॅन आणि बँक पासबुकाची प्रत लागते. सामाईक खात्यात सर्वांच्या सह्या किंवा संमतीपत्र, आणि खातेदार मृत असल्यास वारस नोंद आवश्यक असते. भरपाई अडकते ती बहुतेकदा या शेवटच्या कागदापाशी, म्हणून वारस नोंदीचा अर्ज अधिसूचना दिसताच तलाठी कार्यालयात द्यावा.

ठरवलेली रक्कम किंवा बाजारभाव मान्य नसेल, तर जमीन ज्यांच्या अधिकारक्षेत्रात येते त्या जिल्हा न्यायाधीशांकडे विहित मुदतीत अर्ज करता येतो. वारसांमध्ये वाटणीचा वाद असल्यास तोही त्यांच्याकडेच पाठवला जातो. अर्जासोबत सक्षम प्राधिकाऱ्यांचा निर्णय, पंचनाम्याची प्रत आणि परिसरातील त्या काळच्या नोंदणीकृत खरेदीखतांच्या प्रती जोडाव्यात. बाजारभाव सिद्ध करण्यासाठी ही खरेदीखते सर्वांत उपयोगी पडतात.