कूपन विकत घेऊ नये, व्हाउचर घेतलं तर चालेल

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी अमळनेरहून बहिणीचा फोन आला. पुण्यातल्या भाच्याने तिला मोबाईलवर हजार रुपयांचं काहीतरी पाठवलं होतं. "भाऊ, पोरगा म्हणतो कूपन पाठवलंय. म्हणजे दोन हजारांचा किराणा घेतला तर हजार कमी होतील ना?" मी म्हटलं, कमी कशाला होतील, ते कूपन नाही, व्हाउचर आहे; ते हजार पोराने आधीच भरलेत. तर म्हणते, "मंग मला तर हजारच द्यावे लागतील ना? एकच झालं."

हिशेबाने तिचं चूक नव्हतं. तिच्या खिशातून दोन्हीकडे हजारच जाणार होते. फरक पोराच्या खिशात पडला होता.

जळगावच्या दाणाबाजारात उभं राहून बघितलं की हा गुंता लवकर सुटतो. दुकानदार म्हणतो, "पाच किलो तूरडाळ घ्या, भाव कमी लावतो." हे कूपन. तुम्ही अजून रुपयाही दिलेला नाही आणि दोनच किलो घेतली तर त्याचा शब्द तिथेच संपतो. दुसरा गिऱ्हाईक हजार रुपये आगाऊ देऊन सांगतो, "खात्यावर जमा करा, लागेल तसं नेतो." हे व्हाउचर. त्याचे पैसे गेलेले आहेत, आता दुकानदार त्याचं देणं लागतो. आगाऊ रक्कम मिळाली म्हणून दुकानदाराने हजाराऐवजी नऊशे साठच घेतले, तर ती व्हाउचरवरची सूट.

ॲपवर पैसे भरताना दोन्हींचे रकाने एकाखाली एक असतात आणि दोन्हींत आकडे-अक्षरंच टाकायची असतात, म्हणून घोळ होतो. त्यात कंपनीकडून जेवणखाण्यासाठी मिळणाऱ्या पावत्यांना नोकरदार मंडळी वर्षानुवर्षं 'सोडेक्सोचं कूपन' म्हणत आली. नाव कूपनचं, पण काम पैशाचं. त्यावर किराणा भरता यायचा. सरकारी हिशेबातही दोन्ही वेगळी आहेत. दुकानाने स्वतः दिलेली सूट बिलावर दाखवली की जीएसटी उरलेल्या रकमेवर लागतो. व्हाउचरचा व्यवहार मात्र मालाचाही नाही आणि सेवेचाही नाही, असं ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. कर लागतो तो व्हाउचर देऊन माल घेताना, त्या मालावर.

आता दोन्ही एकत्र लावून बघू. बिल झालं १,२०० चं. '९९९ च्या वर १५० कमी' असं कूपन लावलं, राहिले १,०५०. ९६० ला घेतलेलं हजाराचं व्हाउचर भरलं, वरचे पन्नास यूपीआयने दिले. खिशातून गेले १,०१०, वाचले १९०. त्यातले दीडशे कूपनचे, चाळीस व्हाउचरचे. कूपन आधी बिल उतरवतं, मग व्हाउचर उरलेलं बिल फेडतं. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच बिलावर चालतात. दोन कूपनं एकावर एक मात्र सहसा चालत नाहीत.

पण यादी ७८० चीच असेल तर? ९९९ गाठायला आपण बिस्किटं, शाम्पू असं २२५ चं टाकतो, १,००५ होतात, दीडशे कमी होऊन ८५५ भरतो आणि दीडशे वाचवले म्हणून खूश होतो. पंच्याहत्तर रुपये जास्त गेले, हे कोणी बघत नाही. शाम्पू पुढच्या महिन्यात लागणारच असेल तर ठीक, नाहीतर कूपनने आपलं काम केलं. ते असतंच त्यासाठी. तेल, साखर, दूध यांवर कूपन चालतं का, आपल्या पिनकोडवर चालतं का, पहिल्याच ऑर्डरला आहे का, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. शिवाय सूट ॲपच्या भावावर मिळते. तोच भाव गल्लीतल्या किराणावाल्याकडे आधीच कमी असेल तर त्या सुटीचं काय लोणचं घालायचं? तेलाच्या पिशवीवर लिटर लिहिलंय की ग्रॅम, तेही बघावं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं.

व्हाउचरची भीती वेगळी. बँका आणि वॉलेटवाले जी गिफ्ट कार्डं काढतात (तीही व्हाउचरच) त्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: एक कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, रोख काढता येत नाही. एखादं दुकान फक्त स्वतःच्याच मालासाठी व्हाउचर काढत असेल, तर त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. म्हणजे तिथे मुदत किती, शिल्लक उरते की एकाच वेळी संपवावं लागतं, हे त्या दुकानाच्या अटींत शोधायचं. चारशे रुपयांसाठी दहा हजार अडकवू नयेत. महिन्याभरात जेवढा किराणा नक्की लागतो तेवढ्याचंच घ्यावं.

आता विकत घेण्याचं. अमेरिकेत रविवारच्या वर्तमानपत्रात कंपन्यांची कूपनं येतात, ती कापून विकणारेही आहेत. त्या कूपनांवर 'विकल्यास रद्द' अशा अर्थाची ओळ छापलेली असते, म्हणून विकणारे म्हणतात, आम्ही कूपनचे नाही, कापण्याच्या मेहनतीचे पैसे घेतो! आपल्याकडे टेलिग्रामवर 'वीस रुपयांत दोनशेचं कूपन' विकणारे भेटतात. मीही एकदा घेतलं. कोड टाकला तर 'हा कोड तुमच्या खात्यासाठी नाही'. वीस रुपयांसाठी कोणाशी भांडणार? आणि तसले बरेच कोड त्याच ॲपच्या ऑफरच्या पानावर फुकट पडलेले असतात.

व्हाउचर मात्र पैसे देऊनच मिळतं, म्हणून ते विकत घेण्यात गैर काही नाही; फक्त दुकानाच्या किंवा बँकेच्या स्वतःच्या ॲपवरून घ्यावं. अनोळखी माणसाकडून अर्ध्या किमतीत घेतलं तर त्याने ते आधीच वापरलेलं असू शकतं किंवा चोरीच्या कार्डावर घेतलेलं असू शकतं. कोणी 'व्हाउचर जमा करायला यूपीआय पिन टाका' म्हणाला तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलातच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

तसंही खान्देशातल्या घराचा मोठा खर्च या ॲपमध्ये येतच नाही. वर्षाचा गहू आणि दादर ज्वारी उन्हाळ्यात पोत्याने भरतात, मिरची नंदुरबारची. तिथे कूपन नाही, ओळख चालते. ॲपला उरतं ते चहा, साबण, तूप.

बहिणीने त्या हजारात तेवढंच मागवलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "भाऊ, साबण नव्हता म्हणे, १४० परत आले असा मेसेज आहे. बँकेत तर दिसत नाहीत." मी म्हटलं, बँकेतून गेलेच नव्हते तर बँकेत कसे येतील, व्हाउचरमध्ये बघ. तिथे होते.

"बरं मग," ती म्हणाली, "पुरणाला गूळ घेते."