केनमेअर

आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागातील केरी काउंटीमधील लहान बाजारपेठेचे गाव. लोकसंख्या सुमारे अडीच हजार. केनमेअर उपसागराच्या शिरोभागी वसलेल्या या गावाच्या दक्षिणेस काहा पर्वत व उत्तरेस मँगर्टनचे डोंगर आणि मॅकगिलिकडीज रीक्स ही रांग आहे. त्यामुळे किलार्नीकडे जाणारा रस्ता मॉल्स गॅप या खिंडीतून, तर ग्लेनगॅरिफकडे जाणारा रस्ता डोंगर फोडून काढलेल्या बोगद्यांतून जातो.

गावालगत मध्यभागी मोठी शिळा असलेले 15 दगडांचे कांस्ययुगीन वर्तुळ आहे. आजचे गाव मात्र सर्वस्वी जमीनदारी आखणीतून उभे राहिले. इंग्रज सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेलच्या विजयानंतर जप्त झालेल्या आयरिश जमिनींची मोजणी करणाऱ्या विल्यम पेटी याला हा प्रदेश मिळाला. त्याने 1670 मध्ये येथे इंग्रजांची वसाहत केली. त्याचा वंशज शेलबर्नचा अर्ल, जो 1782–83 मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता व पुढे लॅन्सडाउनचा मार्क्विस झाला, त्याने 1775 मध्ये गावाची नवी आखणी केली. तीन मुख्य रस्त्यांचा त्रिकोण व त्याच्या टोकाशी बाजारचौक ही रचना अद्याप टिकून आहे. याच घराण्यातील पाचवा मार्क्विस 1888 ते 1894 या काळात भारताचा व्हाइसरॉय होता. गढवालमधील लॅन्सडाउन हे गाव त्याच्याच नावाचे.

भोवतालची जमीन शेतीपेक्षा चराईस योग्य असल्याने बाजाराचा मुख्य आधार गुरे-मेंढ्यांची खरेदी-विक्री हाच राहिला. 15 ऑगस्टच्या जत्रेत आजही डोंगरावरची जनावरे थेट गावातील रस्त्यांवर विक्रीला उभी केली जातात.

बटाट्याचे पीक रोगाने बुडाल्याने पडलेल्या दुष्काळात (1845–49) लॅन्सडाउन घराण्याच्या या इस्टेटीची दैना झाली. गरिबांना श्रमगृहात (वर्कहाउसमध्ये) पोसण्यापेक्षा त्यांचे जहाजभाडे भरणे स्वस्त पडेल, असा हिशेब मांडून कारभारी विल्यम स्ट्यूअर्ट ट्रेंच याने 1851 पासून चार हजारांहून अधिक लोकांना, मुख्यतः न्यूयॉर्कला, धाडले. याला ‘साहाय्य’ म्हणण्याची प्रथा असली, तरी त्यामागची निकड गरिबांच्या पोषणासाठी जमीनदाराच्या डोक्यावर पडणाऱ्या करभाराची होती, हे विसरता येत नाही.

1861 मध्ये पुअर क्लेअर पंथाच्या जोगिणींनी येथे मठ स्थापला आणि गरीब मुलींना रोजगार मिळावा म्हणून लेसकाम शिकवण्यास सुरुवात केली. केनमेअर लेस सुईने, लिननच्या (जवसाच्या तंतूंच्या) सुताने विणतात. नक्षीच्या कागदाखाली कापडाचे दोन थर ठेवून रेषांवर जाड सूत टाक्यांनी बसवतात, मधल्या जागा काजटाक्याच्या प्रकारांनी भरतात आणि शेवटी कापडाच्या दोन थरांमधील टाके कापले की लेस मोकळी होते. आयर्लंडमध्ये इतरत्र सुती धागा सर्रास वापरला जात असल्याने लिननचे सूत हे या कामाचे वेगळेपण ठरले.

1893 मध्ये आलेला रेल्वेचा फाटा 1960 च्या आरंभी बंद झाला. रिंग ऑफ केरी व रिंग ऑफ बेआरा हे दोन्ही पर्यटनमार्ग येथे मिळत असल्याने आता गावाची मुख्य मिळकत पर्यटनाची आहे.