मका साप : बंदिस्त पैदाशीतील रंगप्रकारांची ओळख

मका साप हा कोल्युब्रिडी कुलातील बिनविषारी साप असून त्याचे शास्त्रीय नाव पँथेरोफिस गट्टेटस असे आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून फ्लॉरिडा कीजपर्यंत आणि पश्चिमेस लुइझियानापर्यंत तो आढळतो. पूर्वी त्याचा समावेश इलॅफी या प्रजातीत होत असे. महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेला तस्करही त्या काळी याच प्रजातीत गणला जाई. मराठीत या सापाला रूढ नाव नाही. ‘मका साप’ हे ‘कॉर्न स्नेक’ या नावाचे भाषांतर असून येथे ते सोयीसाठी वापरले आहे. मूळ इंग्रजी नावाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. मक्याच्या कणग्यांभोवती उंदरांच्या मागावर हा साप वारंवार दिसे, त्यावरून हे नाव पडले असे एक मत आहे. पोटाकडील काळ्या-पांढऱ्या चौकड्या रंगीबेरंगी दाण्यांच्या मक्याच्या कणसासारख्या दिसतात, त्यावरून ते आले असे दुसरे. हे नाव सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळते आणि सापांची नावे त्यांच्या वावरण्याच्या जागेवरून पडण्याची रीत पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. रंगप्रकार ओळखताना मात्र दुसऱ्या मतातील चौकड्याच उपयोगी पडतात.

रानातील सापाचा मूळ रंग नारिंगी ते करडा-तपकिरी असतो, पाठीवर काळ्या कडांचे तांबडे ठिपके असतात आणि डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी आकृती असते. हा रंग त्वचेतील तीन प्रकारच्या पेशींमुळे येतो : कृष्णरंजक (काळे रंगद्रव्य) बाळगणाऱ्या, पिवळी व तांबडी द्रव्ये बाळगणाऱ्या आणि प्रकाश परावर्तित करणारे स्फटिक बाळगणाऱ्या. बहुतेक रंगप्रकार यांपैकी एखादी पेशी किंवा द्रव्य उणे झाल्याने अथवा पेशींच्या मांडणीत बदल झाल्याने उद्भवतात आणि त्यांतील बहुसंख्य अप्रभावी, म्हणजे आई व बाप दोघांकडून जनुक आले तरच दिसणारे, असतात. पिवळा रंग मात्र जन्मतः फारसा नसतो. तो वयाबरोबर चढत जातो व अंशतः आहारातून येतो असे मानले जाते. त्यामुळे पिल्लावरून केलेली ओळख आणि प्रौढावरून केलेली ओळख पुष्कळदा जुळत नाहीत.

सर्वांत जुना नोंदलेला प्रकार अ‍ॅमेलॅनिस्टिक, म्हणजे कृष्णरंजकहीन हा होय. या प्रकारचा एक नर १९५३ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनात पकडला गेला आणि त्याच्या वंशातून १९६० च्या दशकाच्या आरंभी बंदिस्त अवस्थेत पिले मिळाली. हे काम त्वचारोगतज्ज्ञ एच. बर्नार्ड बेक्टेल यांनी पत्नीसह केले व हा गुण साधा अप्रभावी असल्याचे दाखवून दिले. अशा सापात काळ्या कडांच्या जागी पांढऱ्या कडा दिसतात आणि डोळ्याची बाहुली तांबडी असते. त्यामुळे ओळखीत चूक सहसा होत नाही.

तांबडे द्रव्य उणे असलेल्या करड्या सापांची ओळख अधिक कठीण आहे. दक्षिण फ्लॉरिडातील रानटी सापांतही आढळणारा अ‍ॅनेरिथ्रिस्टिक आणि त्यानंतर वेगळा ओळखला गेलेला चारकोल ही दोन निराळ्या जनुकांची रूपे आहेत. पहिल्याचा गळा व मानेच्या बाजू वयाबरोबर पिवळ्या होतात, चारकोलमध्ये तो पिवळेपणा बहुधा नसतो. कॅरमल व लॅव्हेंडर यांची पिलेही पहिल्या काही महिन्यांत याच रांगेत बसतील अशी दिसतात. खरा निवाडा चाचणी-संकराने होतो. दोन करड्या सापांच्या मीलनातून सर्व पिले रानटी रंगाची निघाली, तर त्यांची जनुके वेगळी आहेत असे समजावे. अ‍ॅमेलॅनिस्टिकशी संयोग झाल्यावर अ‍ॅनेरिथ्रिस्टिकपासून ‘स्नो’ व चारकोलपासून ‘ब्लिझर्ड’ मिळतो. प्रौढ स्नोच्या अंगावर फिकट गुलाबी-पिवळी नक्षी राहते, ब्लिझर्ड मात्र जवळजवळ निखळ पांढरा असतो.

काळा रंग फिका करणाऱ्या प्रकारांबाबत सर्वाधिक मतभेद आहेत. ‘हायपोमेलॅनिस्टिक’ (थोडक्यात ‘हायपो’) हे पूर्वी एकाच गुणाचे नाव समजले जाई. पुढे सनकिस्ड, लाव्हा आदी स्वतंत्र जनुके त्यातून वेगळी काढण्यात आली. यांतील ‘अल्ट्रा’ हे प्रकरण विशेष गुंतागुंतीचे आहे. हा गुण अ‍ॅमेलॅनिस्टिकच्याच स्थानावरील युग्मविकल्पी (त्याच जनुकाचे दुसरे रूप) असून दोहोंची प्रत्येकी एक प्रत असलेला साप, ज्याला ‘अल्ट्रामेल’ म्हणतात, दिसायला साध्या हायपोसारखा असतो. हायपो व अ‍ॅमेलॅनिस्टिक यांच्या मीलनातून एरवी सर्व पिले रानटी रंगाची अपेक्षित असतात. हायपो समजलेला साप वस्तुतः अल्ट्रामेल असेल, तर त्याऐवजी निम्मी पिले अल्ट्रामेल व निम्मी अ‍ॅमेलॅनिस्टिक निघतात. गर्द माणिकरंगी बाहुली ही त्याची बाह्य खूण सांगितली जाते, पण ती प्रकाशावर अवलंबून असल्याने तेवढ्यावरून निर्णय करू नये. हे युग्मविकल्पी मका सापातच उद्भवले की करड्या रॅट स्नेकशी झालेल्या जुन्या संकरातून आले, याबद्दल पैदासकारांत एकवाक्यता नाही. संकराचे मत अधिक संभाव्य दिसते. तथापि त्याचा आधार मुख्यतः सुरुवातीच्या पैदासकारांच्या नोंदी हाच आहे.

नक्षीच्या प्रकारांत पोट पाहणे सर्वांत उपयोगी ठरते. मॉटली व स्ट्राइप हे परस्परांचे युग्मविकल्पी असून दोहोंत पोटावरील चौकड्या नाहीशा होतात. मॉटलीत पाठीवरील ठिपके जोडले जाऊन मधली मोकळी जागा गोलाकार उरते, तर स्ट्राइपमध्ये रेषा सलग धावतात. ब्लडरेड किंवा डिफ्यूज्ड या प्रकारातही पोट साधे असते, परंतु त्याच्या पिलांच्या कुशी करड्या असतात व डोक्यावरील आकृती ताणलेली दिसते. ‘ओकीटी’ हे नाव मात्र जनुकाचे नाही. साउथ कॅरोलायनातील एका शिकारभूमीवरून ते पडले असून गडद तांबड्या ठिपक्यांच्या, रुंद काळ्या कडांच्या वंशाला ते लावतात. त्यामुळे वंशावळ नसलेल्या सापाला हे नाव देणे म्हणजे केवळ वर्णन होय.

विषमयुग्मजी, म्हणजे जनुकाची एकच प्रत असलेल्या, सापात अप्रभावी जनुकाची बाह्य खूण दिसत नाही. दोन विषमयुग्मजींच्या रानटी रंगाच्या प्रत्येक पिल्लात ते जनुक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश असते आणि पैदासकार त्याला ‘६६ टक्के हेट’ म्हणतात. अशा सापाचे समयुग्मजी (त्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या) अप्रभावीशी मीलन केल्यावर दहाच्या दहा पिले रानटी रंगाची निघाली, तर तो विषमयुग्मजी असूनही असे घडण्याचा संभव सुमारे हजारात एक इतका उरतो. दोन दुहेरी विषमयुग्मजींपासून (स्नोच्या दोन्ही जनुकांची प्रत्येकी एक प्रत असलेल्यांपासून) स्नो मिळण्याचे प्रमाण सोळात एक आहे. तरीही सोळा पिलांच्या साधारण एक-तृतीयांश विणींत एकही स्नो निघत नाही.

रेणवीय अभ्यास अलीकडचा आहे. जिनीव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये अ‍ॅमेलॅनिस्टिक गुण ओसीए२ जनुकात घुसलेल्या एका रेट्रोट्रान्सपोसॉनमुळे (स्वतःची नक्कल करून इतरत्र घुसणाऱ्या डीएनएच्या तुकड्यामुळे) येतो असे दाखवले. माणसातील एका प्रकारच्या वर्णहीनतेशी याच जनुकाचा संबंध आहे. २०२० मध्ये लॅव्हेंडरचा संबंध एलवायएसटी जनुकाशी जोडण्यात आला. काही प्रकारांसाठी टाकलेल्या कातीवरून डीएनए तपासणी करता येते. इतरांसाठी चाचणी-संकर व वंशावळ हेच मार्ग आहेत. अलीकडच्या प्रकारांपैकी टेसेरा प्रभावी व पॅल्मेटो अपूर्ण प्रभावी आहे, आणि खवले नसलेल्या वंशाचे मूळ एमोरीच्या रॅट स्नेकशी झालेल्या संकरात असल्याचे मानले जाते.