अंगणातल्या बाजेपर्यंत आलेला उजेड

विदर्भातल्या खेड्यांत एप्रिल लागला की बाजा अंगणात येतात. पारा ४४-४५ अंशांवर, टिनाचं छत मध्यरात्रीपर्यंत तापलेलं, कूलर सगळ्यांकडे नाही आणि असला तरी लाईनचा भरवसा नाही. मग बाहेरच झोपायचं. लहानपणी अशा बाजेवर पाठ टेकली की डोक्यावर सप्तर्षी दिसायचे. आजी त्यांना म्हातारीची बाज म्हणायची. चार ताऱ्यांची बाज, आणि ती पळवायला निघालेले तीन चोर. आज त्याच अंगणात आडवं झालं की आधी डोळ्यांत घुसतो तो पोलवरचा पांढरा एलईडी. गाव जरा मोठं असेल तर चौकातला हायमास्टही. लोक तोंडावर दुपट्टा ओढून झोपतात.

या उजेडाचा आणि म्हातारपणी बुद्धी शाबूत राहण्याचा काही संबंध आहे का, हा प्रश्न सप्टेंबर २०२४ मध्ये जगभर चर्चेत आला. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी उपग्रहांनी टिपलेला अमेरिकेतला रात्रीचा उजेड आणि २०१२ ते २०१८ या काळातल्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदी ताडून पाहिल्या. जिथे रात्र जास्त उजळ, तिथे अल्झायमरचं, म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू पुसत नेणाऱ्या मेंदूच्या आजाराचं प्रमाणही जास्त आढळलं. पासष्टीच्या पुढच्यांत मधुमेह, उच्च रक्तदाब, पक्षाघात यांचा अल्झायमरशी संबंध उजेडापेक्षा घट्ट निघाला. पासष्टीच्या आतल्यांत मात्र तपासलेल्या सगळ्या घटकांत उजेडच पुढे होता. अर्थात दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं ठरत नाही, आणि तसा दावा त्या संशोधकांनीही केलेला नाही.

तरीही शंका घ्यायला जागा आहे, कारण तिच्यामागे साठेक वर्षांचं काम आहे. १९५८ मध्ये येल विद्यापीठात आरॉन लर्नर यांनी मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक वेगळं काढलं. अंधार पडला की मेंदूतली पीनियल ग्रंथी ते सोडते आणि शरीराला कळतं की रात्र झाली. दिव्यांच्या उजेडाने माणसाचं मेलॅटोनिन कमी होत नसावं, असं बराच काळ मानलं जाई. १९८० मध्ये आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रखर उजेडात माणसाचंही मेलॅटोनिन दबतं. त्यांनी वापरलेला उजेड २,५०० लक्सचा होता (लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो ते मोजायचं माप). पुढे हा आकडा खाली खाली येत गेला. २०१९ च्या एका अभ्यासात सरासरी २५ लक्सच्या आसपासच मेलॅटोनिन निम्म्यावर आलं, आणि माणसामाणसांतला फरक पन्नास पटींहून मोठा निघाला. म्हणजे एकाच अंगणात शेजारी झोपलेल्या दोघांपैकी एकाला पोलच्या दिव्याचं काहीच वाटत नसेल, आणि दुसऱ्याचं शरीर रात्र झाली हे मानायलाच तयार नसेल. तुलनेला सांगायचं तर पौर्णिमेचं चांदणं अर्ध्या लक्सचंही नसतं.

२००२ मध्ये आणखी एक गोष्ट पक्की झाली. डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही, दिवस की रात्र हे मेंदूला कळवणं आहे. या पेशी निळसर उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात. आणि पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळा उजेड देणाऱ्या चिपवर पिवळा लेप लावला की तो आपल्याला पांढरा दिसतो.

झोप आणि अल्झायमर यांचा दुवा त्यानंतर सापडू लागला. या आजारात मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. जागेपणी ते वाढतं आणि झोपेत उतरतं, हे २००९ मध्ये उंदरांत दिसलं. २०१३ मध्ये रोचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने मांडलं की झोपेत मेंदूच्या पेशींमधली जागा रुंदावते आणि तिथला कचरा धुऊन निघतो. २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाला उंदरांत याच्या नेमकं उलट दिसलं, त्यामुळे तो वाद चालू आहे. २०१८ मध्ये मात्र माणसांवरच्या एका छोट्या प्रयोगात एकाच रात्रीच्या जागरणानंतर मेंदूतलं अमायलॉइड वाढलेलं आढळलं.

आपल्याकडचं चित्र बघताना सावध राहायला हवं. भारतात साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असावा (अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार), असा राष्ट्रीय पाहणीवरून काढलेला अंदाज आहे, आणि त्यात खेड्यांचं प्रमाण शहरांपेक्षा जास्त आहे. उजेड तर शहरात जास्त. म्हणजे उजेड हे मुख्य कारण असणं शक्य नाही. शिक्षण, रक्तदाब, साखर, ऐकू कमी येणं यांचं वजन मोठं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली, त्यांत रात्रीचा उजेड नाही. खेड्यात तर हा आजार ओळखलाच जात नाही, ‘म्हातारचळ’ म्हणून विषय संपवला जातो.

पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उपग्रह मोजतो तो रस्त्यावरचा उजेड. अमेरिकेत रस्ता आणि बिछाना यांच्यामध्ये भिंत असते, खिडकी असते, पडदा असतो. आपल्या उन्हाळ्यात यातलं काहीच नसतं. पोलचा दिवा थेट पापण्यांवर पडतो.

हा उजेड गावात आला तो फार हवाहवासा म्हणून आला. रॉकेलची चिमणी, कंदील, लग्नात भाड्याने आणलेली गॅसबत्ती, इतकीच रात्रीची मिजास होती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं, तरी पुढे वर्षानुवर्षं वीज म्हणजे घरात एखादा पिवळा बल्ब. २००५ नंतर लोडशेडिंगने तोही हिरावला. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राने घरगुती एलईडी आणि रस्त्यांवरचे एलईडी अशा दोन्ही योजना एकाच दिवशी सुरू केल्या. बल्ब स्वस्त झाले, बिल उतरलं, बाया-पोरींना रात्री बाहेर निघायला धीर आला. साप-विंचवाच्या गावात त्या उजेडाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. आपण फक्त दिव्याचा रंग आणि रोख विचारायचं विसरलो.

रात्र मोडते ती गावातल्या दिव्यांनीच नाही. शेतपंपांना आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि उरलेले दिवस रात्री दहा तास वीज, हे चक्र वर्षानुवर्षं चाललं. हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी शेतकरी डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री डीपीकडे, म्हणजे शेतातल्या विजेच्या पेटीकडे जातो, बॅटरी हातात धरून सरी बदलतो. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यापायी जागलीला जाणारे वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला संभाव्य कर्ककारक ठरवलं. या संशोधनात परिचारिका आहेत, कारखान्यातले कामगार आहेत. रात्री ओलित करणारा शेतकरी कोणी पाळीत धरत नाही. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली. तिची चर्चा वाघ-बिबट्याची भीती आणि विजेचा खर्च एवढ्यावरच होते, झोपेचं नाव त्यात निघत नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखलेलं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या जंगलालगतच्या बफर पट्ट्यातल्या गावांत शंभरावर पथदिवे बदलून त्यांचा रोख जमिनीकडे केला गेला. हे सगळं झालं ताऱ्यांसाठी. त्या गावांत रस्ता दिसतो, आणि वर म्हातारीची बाजही दिसते.